वाचकांचे प्रश्न : ट्रंपेट कोणी वाजवला?

प्रश्न : वडील गेल्यावर माळ्यावरची ट्रंक उघडली. आत ७८ च्या (मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या) बऱ्याच जुन्या तबकड्या निघाल्या. थोड्या इंग्रजी नाच-बँडच्या, बाकी जुन्या हिंदी सिनेमांच्या. मला जॅझच्या तेवढ्या ठेवायच्या आहेत. सिनेमाच्या देऊन टाकू का? काहींवर बुरशी आली आहे, ती कशी काढावी? आणखी एक. आमचे शेजारी तरुणपणी मुंबईच्या हॉटेलांत सॅक्सोफोन वाजवायचे. त्यांची एकही रेकॉर्ड नाही. त्यांच्या आठवणी नुसत्या ऐकून सोडून द्यायच्या का?
– एक वाचक, फातोर्डा

उत्तर : सिनेमाच्या तबकड्या देऊ नका. तुम्ही शोधताय तो जॅझ त्यांच्यातही आहे.

‘अलबेला’ (१९५१) असेल तर ती आधी बाजूला काढा. ‘शोला जो भडके’ लावा. लताबाई आणि चितळकर आपल्याला पाठच आहेत, तेव्हा एकदा फक्त मागचा वाद्यवृंद ऐका. चितळकरांचे, म्हणजे सी. रामचंद्रांचे, सहायक होते चिक चॉकलेट. मूळ नाव आंतोनियो शाव्हियेर वाझ, गाव हळदोणे. ट्रंपेट असा वाजवायचे की लोक त्यांना, अमेरिकेच्या गाजलेल्या जॅझ ट्रंपेटवादकावरून, हिंदुस्थानचे लुई आर्मस्ट्राँग म्हणत. याच सिनेमात एका गाण्यात ते आपल्या साथीदारांसह पडद्यावरही दिसतात. आता तबकडीचं लेबल बघा. सिनेमाचं नाव आहे, गायकांची आहेत, संगीतकाराचं आहे. ट्रंपेटवाल्याचं नाही. मला याचं आजही वाईट वाटतं.

ही माणसं सिनेमात कशी आली, तेही सांगतो. गोव्यातल्या चर्चच्या शाळांत मेस्त, म्हणजे संगीताचे मास्तर, मुलांना नोटेशन वाचायला आणि व्हायोलिन वाजवायला शिकवायचे. त्या शिदोरीवर आपली मुलं मुंबई गाठायची आणि गावच्या कुडात, म्हणजे गावकऱ्यांच्या सामाईक खोल्यांत, पथारी टाकायची. १९३५ मध्ये लिऑन ॲबी आपला कृष्णवर्णीय अमेरिकन बँड घेऊन ताजमहाल हॉटेलात आले. त्यांच्यामागून पियानोवादक टेडी वेदरफर्ड आले. आपल्या वादकांनी जॅझ असा थेट उस्तादांच्या शेजारी बसून उचलला. कुडचड्याचे फ्रँक फर्नांड त्यातलेच. पुढे मुंबईत दारूबंदी आली, नाचघरांची रया गेली आणि स्टुडिओंना मात्र नोटेशन वाचणारी माणसं हवीच होती. सेबॅस्टियन डिसोझा शंकर-जयकिशनच्या गाण्यांचं वाद्यसंयोजन करू लागले. माजोर्ड्याचे ॲंथनी गोन्साल्विस यांच्याकडे तर प्यारेलाल व्हायोलिन शिकले. म्हणून म्हणतो, तुमच्या ट्रंकेतले दोन ढीग खरं तर एकच आहेत.

आता बुरशी. स्पिरिट, सॅनिटायझर, कोलन वॉटर यांतलं काहीही ७८ च्या तबकडीला लावू नका. ती लाखेची असते आणि लाख अल्कोहोलमध्ये विरघळते. एकदा पुसलंत की खाचच गेली. डिस्टिल्ड वॉटरमध्ये भांडी घासायच्या सौम्य लिक्विडचा एखादा थेंब टाका, मऊ फडका भिजवून घट्ट पिळा आणि खाचेच्या दिशेने गोल पुसा, आडवं नको. मग नुसत्या पाण्याच्या फडक्याने पुसून सावलीत उभी करून वाळवा. लेबल भिजू देऊ नका. हे काम अंगणात, तोंडाला फडकं बांधून करा. बुरसटलेली कागदी पाकिटं फेका, पण त्याआधी त्यांच्यावर काही लिहिलंय का बघा. वडिलांनी तारीख किंवा दुकानाचं नाव लिहिलं असेल तर फोटो काढून ठेवा. आणि माळा नको. आपल्याकडे जूनपासून भिंतीसुद्धा पाझरतात. आतल्या खोलीतल्या कपाटात, बाहेरच्या भिंतीपासून दूर, तबकड्या उभ्या ठेवा. आडव्या रचल्या तर खालच्या तबकड्या वरच्यांच्या वजनाने तडकतात.

तुमच्या शेजाऱ्यांबद्दल मात्र मला कळकळीने सांगायचंय. आजच जा. नाचाच्या बँडमधला वादक रात्रीमागून रात्री वाजवायचा आणि त्यातलं जवळजवळ काहीच रेकॉर्ड व्हायचं नाही. लहानपणी आमच्या गावच्या फेस्ताला, म्हणजे चर्चच्या उत्सवाला, एक म्हातारे ट्रंपेटवाले यायचे. संथ गाणं आलं की डोक्यावरची फेल्ट हॅट काढून ट्रंपेटच्या तोंडावर धरायचे. आवाज आत कोंडल्यासारखा मऊ व्हायचा. शेवटच्या ओळीला हॅट बोटभर बाजूला करायचे, आणि तेवढ्याने नाचणारी जोडपी मान वर करून स्टेजकडे बघायची. हे कुठल्याच तबकडीवर नाही. बघणाऱ्यांनी सांगितलं तर उरेल.

‘तुमच्या आठवणी सांगा’ असं मोघम विचारू नका, माणूस गांगरतो. बँडमध्ये डाव्या हाताला कोण बसायचं ते विचारा. सॅक्सोफोनांत पहिला आल्टो कोणाचा, त्याहून खालच्या सुराचा टेनर कोणाचा? नोटेशन कोण लिहून द्यायचं? पगार रोज मिळायचा की महिन्याला? साल आठवत नसेल तर अमेरिकेहून आलेल्या मोठ्या जॅझ कलाकारांच्या मैफिलींवरून धरा. डेव्ह ब्रूबेक १९५८ मध्ये येऊन गेले, ड्यूक एलिंग्टन १९६३ मध्ये, लुई आर्मस्ट्राँग १९६४ मध्ये. ‘आर्मस्ट्राँग आला तेव्हा मी कुठल्या हॉटेलात होतो’ हे वादकाला पक्कं आठवतं. माझंही तसंच आहे. १९७८ ची पहिली जॅझ यात्रा म्हणजे मुंबईचा जॅझ महोत्सव, धोबीतलावचं रंगभवन आणि सॉनी रॉलिन्सचा टेनर सॅक्सोफोन म्हटलं की त्या वर्षातली बाकीची माणसंही मला दिसू लागतात.

शक्य तर तुमच्या तबकड्या त्यांना ऐकवा. मागच्या ट्रंपेटला, सॅक्सोफोनला ते नावाने ओळखतील अशी बरीच आशा आहे. ओळखलं की तबकडीचा नंबर आणि वादकाचं नाव वहीत शेजारी-शेजारी लिहा. कोणी सांगितलं तेही लिहा.

प्रश्न : एलपीचा नवा प्लेअर घेतलाय. त्यावर ७८ चा वेग आहे. आजोबांच्या तबकड्या लावू का?
– एक वाचक, फोंडा

उत्तर : नुसता वेग असून भागत नाही, सुईही वेगळी लागते. एलपीच्या सुईचं टोक साधारण १८ मायक्रॉनचं, ७८ ला ६५ ते ७५ मायक्रॉनचं लागतं. बारीक सुई रुंद खाचेच्या तळाशी लोळते, खरखर तेवढी ऐकू येते आणि सुईही बिघडते. तुमच्या कार्ट्रिजला (सुई बसवलेल्या भागाला) ७८ ची सुई मिळते का ते दुकानात विचारा. चावीच्या फोनोची पोलादी पिन मात्र एलपीवर कधीही ठेवू नका, आणि ७८ वरही दर बाजूला नवी पिन घाला.