इंदूरच्या खासगी रुग्णालयांतील परिचारिका नोकरी सोडण्याचा विचार का करतात?

कमी पगार हे उत्तर सर्रास दिले जाते, परंतु माझ्या मते मुख्य कारण एकेका परिचारिकेवर सोपवलेल्या रुग्णांची संख्या हे आहे. भारतीय परिचर्या परिषदेच्या निकषानुसार सर्वसाधारण रुग्णालयाच्या वॉर्डात पाच रुग्णांमागे एक परिचारिका असावी. इंदूरमध्ये नऊ वर्षे वॉर्डात काम करताना रात्रपाळीला पंधरा-वीस रुग्ण एकटीकडे असणे मला नित्याचेच झाले होते, आणि सकाळची सिस्टर आली नाही, तर तीही पाळी आपणच ओढायची. शिवाय औषधे व सलाइन यांपेक्षा नोंदी आणि बिलासाठी साहित्याचा हिशेब यांतच अधिक वेळ जातो, आणि उपचारांना उशीर झाल्याचा राग नातेवाईक डॉक्टरांवर नव्हे, तर समोर दिसणाऱ्या सिस्टरवर काढतात. पगाराचा प्रश्नही खराच आहे: २०१६ मध्ये केंद्र सरकारच्या समितीने ५० पेक्षा कमी खाटांच्या खासगी रुग्णालयांतही दरमहा किमान २०,००० रुपये सुचवले, परंतु त्या शिफारशीच होत्या. मात्र सरकारी सेवेतील कायम पदावरच्या परिचारिकेला हे तितकेसे लागू पडत नाही. आणि खासगीतही अनेकींना हा पेशा नव्हे, ते रुग्णालय सोडायचे असते.