साखर, मैदा, गूळ नको पण प्रोटीन भरपूर हवं, तर घरच्या ओव्हनमध्ये गोड काय बेक करता येईल?

तुम्ही लिहिलंय की सासऱ्यांना शुगर आहे, मुलगा जिमला जातो, घरात नवीन ओटीजी (छोटा विजेचा ओव्हन) आलाय आणि दोघांनाही चालेल असं काहीतरी गोड घरीच करायचंय, पण ते बाहेरून मागवायचं बदामाचं पीठ दर आठवड्याला परवडणार नाही. मी पण कोल्हापूरचीच, आमच्याही घरात शुगरवाली माणसं आहेत आणि हे पदार्थ मी बरीच वर्षं करत आलेय, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

सगळ्यात आधी एक गोष्ट, पिठाचा नाद सोडा. बहुतेक जण काय करतात, मैद्याच्या केकची रेसिपी घेतात आणि मैद्याच्या जागी दुसरं काहीतरी पीठ घालतात, मग तो केक एकतर भुसभुशीत होतो नाहीतर घशात अडकतो आणि घरचे म्हणतात यापेक्षा नको ते डाएट. मैद्यात ग्लुटेन असतं, ते केकला धरून ठेवतं, बदामात किंवा शेंगदाण्यात ते नाहीच. त्यापेक्षा जे पदार्थ मुळातच प्रोटीनमुळे सेट होतात ते बेक करा, म्हणजे दूध, दही, पनीर, अंडी. उष्णता लागली की यातलं प्रोटीन आपोआप घट्ट होतं, पिठाची गरजच पडत नाही, आणि म्हशीच्या दुधासाठी तर आपल्याला लांब कुठं जायला नको, गंगावेशीत कट्ट्यावर समोर धार काढून देतात.

आता जे ऐकायला आवडणार नाही ते पण सांगते, कारण शुगरवाल्या माणसाच्या बाबतीत हे स्पष्ट बोललंच पाहिजे. गूळ म्हणजे लो-कार्ब, म्हणजे कमी कर्बोदकांचा, नाही. आपल्या गुळाचा मला अभिमान आहे, २०१४ मध्ये कोल्हापुरी गुळाला जीआय टॅग (भौगोलिक मानांकन) मिळाला आणि गुऱ्हाळावरच्या गरम काकवीची चव मी कुणालाही सांगत बसेन, पण १०० ग्रॅम गुळात ८५ ग्रॅमच्या आसपास कार्बच आहेत, रक्तातली साखर तो साखरेसारखीच वाढवतो. खजुराचंही तेच. नाचणी पौष्टिक आहे, कॅल्शियम भरपूर आहे, सगळं खरं, तरीपण १०० ग्रॅममध्ये ६५ ते ७० ग्रॅम कार्ब आणि प्रोटीन फक्त सातेक ग्रॅम. बेसनात प्रोटीन चांगलं, वीस-बावीस ग्रॅम, पण निम्म्याच्या आसपास कार्ब आहेत म्हणून ते चमचा-दोन चमचे बाइंडिंगला ठीक, वाटीभर नको. आणि खवा, ह्यात बरेच जण फसतात. दुधाचाच आहे म्हणून चालेल असं वाटतं, पण दूध आटवताना पाणी जातं आणि दुधातली साखर म्हणजे लॅक्टोज सगळी आतच राहते. पनीर करताना किंवा चक्का टांगताना मात्र ती बरीचशी पाण्याबरोबर निघून जाते. म्हणून एकाच दुधाचा खवा लो-कार्ब नाही आणि पनीर आहे. हा फरक एकदा लक्षात आला की पुढचं सगळं सोपं आहे.

माझी पहिली शिफारस चक्क्याचा केक, चीजकेकच म्हणा ना. चक्का घरी टांगा किंवा डेअरीतून बिनसाखरेचा आणा, अर्धा किलो. दही ताजं आणि गोडसर पाहिजे, कारण श्रीखंडात आपण चक्क्याच्या जवळपास तेवढीच साखर घालतो त्यात आंबटपणा झाकला जातो, इथं झाकला जाणार नाही. उन्हाळ्यात बाहेर टांगला तर सकाळपर्यंत आंबट झालाच म्हणून समजा, त्यामुळं चाळणीत पंचा घालून, खाली पातेलं ठेवून सरळ फ्रिजमध्येच निथळत ठेवा. नंतर श्रीखंडाला करतो तसा पुरणयंत्रातून काढा, गुठळी राहिली की बेक झाल्यावर ती तोंडात येते. त्यात ३ अंडी, चिमूटभर मीठ, वेलची, जायफळ, दुधात भिजवलेलं केशर आणि स्वीटनर (त्याबद्दल खाली लिहिलंय). अंडी बीटरनं फेसायची नाहीत, साध्या चमच्यानं मिसळायची, कारण हवा भरली की केक ओव्हनमध्ये फुगतो आणि बाहेर काढल्यावर बसतो, वर भेगा पडतात.

भाजायचं कसं हे यात सगळ्यात महत्त्वाचं आहे. डब्याला तळाशी आणि कडेनं बटर पेपर लावा, तो डबा एका मोठ्या ट्रेमध्ये ठेवून ट्रेमध्ये गरम पाणी ओता, डब्याच्या अर्ध्या उंचीपर्यंत, आणि १५० डिग्रीला ४० ते ४५ मिनिटं. कडा घट्ट आणि मधला भाग हलवल्यावर थरथरतोय अशा वेळी ओव्हन बंद करायचा, दार थोडं उघडं ठेवायचं आणि अर्धा तास हात लावायचा नाही. मधलं कच्चं दिसतंय म्हणून अजून दहा मिनिटं ठेवलं की प्रोटीन आवळलं जातं, पाणी सुटतं आणि रवाळ लागतं. रात्रभर फ्रिजमध्ये राहिला की सकाळी सुरेख वड्या पडतात. हिशोब सांगायचा तर चक्क्यात १०० ग्रॅमला साधारण १० ग्रॅम प्रोटीन धरा, ३ अंड्यांचं १८, म्हणजे अख्ख्या केकमध्ये ६५-७०, आणि आठ तुकडे केले तर एका तुकड्यात आठ ग्रॅमच्या वर प्रोटीन आणि तीनेक ग्रॅम कार्ब. त्याऐवजी श्रीखंडाची वाटी खाल्ली असती तर काय झालं असतं ते तुम्हीच बघा.

तुमच्याकडं सोमवारी-गुरुवारी अंडं चालत नसेल तर अंड्यांऐवजी बिनफ्लेवरची व्हे पावडर (दुधाच्या निवळीतलं प्रोटीन) दोन स्कूप घाला, ती पण उष्णतेनं सेट होते, फक्त जरा दाटसर लागतं. बऱ्याच बिनअंड्याच्या रेसिपीत कंडेन्स्ड मिल्क सांगतात, त्यात भरपूर साखर असते, ते आपल्या कामाचं नाही.

दुसरा पदार्थ आपल्या घराघरातलाच आहे, खरवस. लोक याला डाएटमध्ये मोजतच नाहीत याचं मला फार वाईट वाटतं. म्हैस व्याल्यावर पहिल्या दिवसाच्या चिकात साध्या दुधाच्या कितीतरी पट प्रोटीन असतं आणि लॅक्टोज उलट कमी असतं, त्या प्रोटीनमुळंच तो नुसत्या उष्णतेनं घट्ट होतो, काही घालावं लागत नाही. गोडाचं काम गूळ करतो, तेवढा काढून टाकला की झाला लो-कार्ब हाय-प्रोटीन पदार्थ, कुठल्याही पावडरीशिवाय. पहिल्या दिवसाचा चीक असेल तर त्यात तेवढंच दूध घाला, दुसऱ्या-तिसऱ्या दिवसाचा असेल तर दूध कमी घाला नाहीतर सेट होणार नाही. वर सांगितलं तसं पाण्याच्या ट्रेमध्ये ठेवून ओव्हनला १६० वर लावा, किंवा नेहमीसारखा वाफवा, दोन्ही चांगलं होतं. फक्त ओळखीच्या गवळ्याकडूनच घ्या, रेडकाला पोटभर पाजून उरलेला चीक देतो अशा माणसाकडून. पहिल्या चिकावर त्या पिल्लाची रोगप्रतिकारशक्ती अवलंबून असते, त्याचा वाटा काढून आपण खायचं नाही असं मला मनापासून वाटतं.

पनीरचं म्हणाल तर ओडिशात छेनापोडा म्हणून पदार्थ करतात, ताजं छेना साखर आणि थोडा रवा घालून वरून करपेपर्यंत भाजतात. आपण रवा-साखर वगळून पाव किलो ताजं मऊ पनीर तळव्यानं चांगलं मळायचं, एक अंडं, दोन चमचे बदामाची पूड, वेलची, स्वीटनर, आणि १८० ला वरून तांबूस होईपर्यंत. मूळ छेनापोड्यासारखी खरपूस कॅरॅमलची चव येणार नाही हे आधीच सांगते, ती जळलेल्या साखरेची असते, पण दूधवाल्या पदार्थाचा खमंगपणा येतो आणि मुलाला एका बैठकीत वीसेक ग्रॅम प्रोटीन सहज जातं.

आता डब्यात न्यायला कोरडं काहीतरी पाहिजे असेल तर शेंगदाण्याची बिस्किटं करा. बदामाच्या पिठाच्या मागं लागण्यापेक्षा आपले शेंगदाणे घ्या, प्रोटीन बदामापेक्षा जास्तच आहे, १०० ग्रॅमला २५ च्या आसपास, आणि लक्ष्मीपुरीत पाहिजे तेवढे मिळतात. मंद आचेवर भाजून, सालं पाखडून २०० ग्रॅम कूट करा आणि मिक्सरला थोडा जास्त फिरवा, तेल सुटायला लागून गोळा होईल इतपत. एक अंडं, ६० ग्रॅम एरिथ्रिटॉल (हे स्वीटनर, खाली लिहिलंय), मीठ, सुंठ, पाव चमचा बेकिंग पावडर. गोळे चपटे करून १६० ला १२-१४ मिनिटं. गरम असताना ती मऊ असतात आणि उचलायला गेलं की तुटतात, ट्रेमध्येच गार होऊ द्या, मग कडक होतात. बारा बिस्किटं होतात, एकात साडेचार ग्रॅमच्या वर प्रोटीन आणि फायबर वजा केलं तर दीडेक ग्रॅम कार्ब. शेंगदाणे मात्र निवडून घ्या, काळपट, खवट, बुरशीचा एकही दाणा नको, त्यात अफ्लाटॉक्सिन (बुरशीचं विष) असू शकतं आणि ते भाजल्यानं पूर्ण जात नाही.

जवसाची चटणी आपण खातोच, त्याच जवसाचे मफिन पण छान होतात. जवसातले जवळपास सगळे कार्ब म्हणजे फायबर, म्हणून शुगरला हे एकदम सोयीचं. १०० ग्रॅम भाजून दळलेलं जवस, ३ अंडी, १०० ग्रॅम चक्का, दालचिनी, दीड चमचा बेकिंग पावडर, स्वीटनर, १७० ला २०-२५ मिनिटं. मिश्रण दहा मिनिटं ठेवून मगच साच्यात घाला, जवस पाणी धरतं. ज्यांना जवसाचा वास आवडत नाही त्यांनी अर्धा शेंगदाण्याचा कूट घालावा आणि एक चमचा इसबगोल, जे मेडिकलमध्ये मिळतं तेच साधं, बिनफ्लेवरचं. पिठाचं धरून ठेवायचं काम ते करतं.

स्वीटनरबद्दल. बेकिंगला मी एरिथ्रिटॉल आणि चिमूटभर स्टीव्हिया एकत्र वापरते. एरिथ्रिटॉल साखरेच्या साधारण ६० ते ७० टक्केच गोड असतं, म्हणून नुसतं त्यावर गोडी आणायला गेलं की खूप घालावं लागतं आणि तोंडात गार-गार लागतं, स्टीव्हिया जास्त झाला तर कडवट लागतो, दोन्ही थोडं-थोडं घातलं की जमतं. एरिथ्रिटॉल आधी मिक्सरमध्ये पिठीसाखरेसारखं दळा नाहीतर गार झाल्यावर खडे होतात. ॲस्परटेमवाल्या गोळ्या ओव्हनला चालत नाहीत, उष्णतेनं गोडी जाते. सुक्रॅलोज चालतं, पण पाकिटावर माल्टोडेक्स्ट्रिन किंवा डेक्स्ट्रोज लिहिलंय का बघा, वजन वाढवायला ते घालतात आणि ते सरळ कार्ब आहे. आणि बाजारातली शुगर-फ्री बिस्किटं, चॉकलेटं घेताना त्यात माल्टिटॉल नाही ना ते बघा, साखरेइतकं नसलं तरी ते साखर वाढवतं आणि जास्त खाल्लं तर पोट बिघडतं. एक बाजू हीसुद्धा सांगायला पाहिजे, २०२३ मध्ये आलेल्या एका अमेरिकन संशोधनात रक्तात एरिथ्रिटॉल जास्त असणाऱ्यांत हार्ट अटॅक आणि स्ट्रोकचं प्रमाण जास्त दिसलं होतं, त्यामुळंच झालं असं त्यातून सिद्ध होत नाही, पण सासऱ्यांना हृदयाचा त्रास असेल तर मी स्वीटनर निम्म्यावर आणेन आणि वेलची-केशर वाढवेन. तसंही महिनाभर कमी गोड खाल्लं की जिभेला सवय होते, आमच्याकडं तसंच झालं.

मुलाची प्रोटीन पावडर या सगळ्यात घालू का असं विचारलंय, तर थोडीच. पिठासारख्या कोरड्या जिनसांच्या पाव हिश्शापेक्षा जास्त व्हे घातलं की केक रबरासारखा आणि कोरडा होतो. अंडी घातलेल्या चक्क्याच्या केकमध्ये एक स्कूप खपतो. बाकीची त्यानं दुधातून प्यावी, आपल्या तालमीतले पैलवान दूध, तूप आणि बदामाच्या थंडाईवर तयार झालेत.

सासऱ्यांच्या बाबतीत एकच काळजी घ्या. ते इन्सुलिन घेत असतील किंवा शुगर कमी करणाऱ्या गोळ्या घेत असतील आणि तुम्ही अचानक जेवणातले कार्ब बरेच कमी केलेत तर साखर धोकादायक खाली जाऊ शकते, डोस बदलावा लागतो, तो डॉक्टरांनाच विचारा. किडनीचा त्रास असेल तर जास्त प्रोटीनचं पण आधी विचारा. आणि नवीन पदार्थ खाल्ल्यावर दोन तासांनी ग्लुकोमीटरवर बघत जा, कुणाला काय झेपतं ते त्यातच कळतं.

चक्क्याचा केक आणि पनीर फ्रिजमध्ये तीन दिवस, खरवस दोनच, बिस्किटं घट्ट झाकणाच्या डब्यात आठवडाभर राहतात. तुमचा ओटीजी किती लिटरचा आहे ते कमेंटमध्ये लिहा, छोट्या ओटीजीत वरची कॉइल डब्याच्या फार जवळ येते, तसं असेल तर सगळीकडं १० डिग्री कमी धरा आणि डबा सगळ्यात खालच्या कप्प्यात ठेवा.