गंजका वस्तरा हाती घेतलात? आधी हे बघा

जुन्या बाजारातून वस्तरा उचललात, छान! पण पॉलिश पेपर लगेच काढू नका. आधी पातं उजेडात धरून भिंगातून बघा. डाग, काळपटपणा चालतो. गंजाचे खड्डे थेट धारेपर्यंत गेले असतील किंवा केसाएवढी चीर असेल, तर तो वस्तरा दाढीचा नाही, सरावाला ठेवा.

सुरुवातीला एवढंच सांभाळा:

- धारेवर चिकटपट्टी लावा. गंजकी धारही बोट कापते.
- ग्राइंडर नको. पातळ पोलाद क्षणात तापतं. निळसर झाक आली की पोलादाचं पाणी, म्हणजे कडकपणा, उतरला म्हणून समजा. मग धार टिकत नाही.
- तेलाचे दोन थेंब आणि वॉटर पेपर (ओला वापरता येणारा पॉलिश पेपर): नंबर 600, 1000, मग 2000; नंबर मोठा तितका पेपर बारीक. गंज जास्त असेल तरच 400.
- पाठ (धारेसमोरची जाड कड) अजिबात घासू नका. धार लावायच्या दगडावर पातं पाठ आणि धार दोन्ही टेकून फिरतं, म्हणजे धारेचा कोन पाठीची जाडी ठरवते.

नवखे हमखास चुकतात ते आरशासारख्या चकाकीच्या नादात. त्यात सोलिंगन (जर्मनी) किंवा शेफील्ड (इंग्लंड) या वस्तऱ्यांच्या गावांचा शिक्काच पुसला जातो! थोडे खड्डे राहू द्या की.

मूठ सेल्युलॉइडची (एक जुनं प्लास्टिक) असून तिचा चुरा पडत असेल तर काढून टाका. त्यातून सुटणारं आम्ल पात्याला पुन्हा गंज चढवतं. शिवाय सेल्युलॉइड भसकन पेटतं, ते आगीपासून लांब ठेवा.

दगडावर धार लावायचं नंतर बघू. आधी पात्याचे फोटो टाका, दोन्ही बाजूंचे.