शेजारच्या पारशी आंटी आणि डुंगरवाडी

तुमची पोस्ट वाचून पोटात गोळाच आला. आंटी हॉस्पिटलात, डॉक्टरांनी हात टेकलेले, मुलगा कॅनडात आणि सगळं शेजारच्या मराठी घरावर, म्हणून अंत्यविधीचं कसं करायचं विचारताय, सेम टू सेम आमची केस. आमच्या आंटी वरच्या मजल्यावरच्या.

डुंगरवाडीला, म्हणजे मुंबईतल्या पारशांच्या अंत्यविधीच्या जागेला, फोन केला की त्यांची गाडी येते, बंगली (विधींसाठीचं छोटं घर) मिळते, ते सोपंय. खरी गोची हॉस्पिटलचा कागद. दोखम्यात (गिधाडांसाठी आणि उन्हात देह ठेवतात तो गोल मनोरा) दिवसाउजेडीच नेतात, सूर्य मावळला की थेट दुसऱ्या दिवशी. आमच्या आंटी पहाटे गेल्या, बिल दुपारी भरून झालं, तरी मृत्यूच्या कारणाच्या फॉर्मवर सहीसाठी त्या काउंटरवाल्याने संध्याकाळ केली. 'डॉक्टर राउंडवर आहेत', 'जेवायला गेलेत', मग म्हणे नावाचं स्पेलिंग आधारशी जुळत नाही! अहो, अॅडमिट करताना आधारची कॉपी तुम्हीच घेतली ना? पायदस्त, म्हणजे अंत्ययात्रा, दुसऱ्या दिवसावर गेली. अजून डोकं फिरतं. म्हणून आजच फाइलमधलं नाव तपासा आणि रात्री-सुट्टीच्या दिवशी सही कोण करणार ते विचारून ठेवा, वाईट दिसलं तरी.

दर्शन हॉस्पिटलातच घ्या असं माझं मत. गेह-सारना (देह नेण्याआधीची प्रार्थना) झाली की बिगरपारशांना चेहरा बघता येत नाही, आणि आधी कुठपर्यंत चालतं ते मोबेदांनाच (पारशी धर्मगुरूंना) विचारा, मी काही जाणकार नाही. पायदस्तीत पांढरे कपडे घालून जोडीजोडीने, मध्ये रुमाल धरून चालतात. ते नातेवाइकांना करू द्या, आपण बाहेर बसायचं. कुत्र्याला चेहरा दाखवतात (सगदीद), बघून दचकू नका.

आणि प्लीज, तिथे 'गिधाडं आहेत का हो अजून' विचारू नका. आमच्या सोसायटीतल्या एकाने विचारलंच! गुरांना द्यायच्या डायक्लोफिनॅकने गिधाडं संपली, २००६ ला बंदी आली, तोवर उशीर झालेला. आता देह उन्हाने सुकावा म्हणून सौर आरसे लावलेत, त्यावर पारशांच्यातच वाद आहेत, आपण त्यात पडू नये.

यामुळेच काहीजण वरळीच्या स्मशानात दहन निवडतात, २०१५ पासून तिथे प्रार्थनेचा हॉल आहे. पण सगळेच मोबेद दहनाला येत नाहीत. आंटी शुद्धीवर असतील तर त्यांनाच विचारा, नाहीतर मुलाकडून आजच व्हॉट्सअॅपवर लेखी घ्या, नंतर फोनवरून मामा-मावश्या भांडतात. तो कधी पोचतोय? पायदस्त चुकली तरी तिसऱ्या दिवशीचं उठमणं (मृतासाठीची प्रार्थना) गाठता येईल, त्या हिशोबाने तिकीट काढायला सांगा.