लाल शाईची काट संगणकात कुठे मारायची?

"मॅडम, या वयात आता हे जमायचं नाही." विद्यापीठांच्या ग्रंथालयांतले पन्नाशीपुढचे कर्मचारी समुपदेशनाला आले की थोड्याफार फरकानं हेच बोलतात. कोहा किंवा सोल हे ग्रंथालयाचं सॉफ्टवेअर आलं, काउंटरवर स्कॅनर आला आणि झोप उडाली. त्यातलं हे एक उदाहरण, ओळख पटेल ते तपशील बदलून.

इश्यू-रिटर्न सांभाळणारे ग्रंथालय सहायक. कुठलं पुस्तक कुठल्या कपाटात, हे बसल्या जागी सांगणारे. मोबाइलवरून वीजबिल भरतात, नातीशी व्हिडिओ कॉलवर बोलतात. तेव्हा वयाचं कारण खरं नव्हतंच. सुरुवातीच्या भेटी रजा आणि बदलीच्या गोष्टींतच गेल्या. मग विचारलं,

"रजिस्टरमध्ये चूक झाली तर काय करता?"

"लाल शाईनं काट मारायची, शेजारी सही."

"आणि संगणकात?"

बराच वेळ गप्प. मग म्हणाले, "तिथं काट कुठं मारायची, तेच कुणी दाखवलं नाही. एक बटण दाबलं नि सगळा डेटा उडाला तर?"

गाठ इथे होती. धास्ती यंत्राची नव्हे, निस्तरता न येणाऱ्या चुकीची. तीही समोर विद्यार्थ्यांची रांग असताना. प्रशिक्षणात प्रोजेक्टरवर सगळं दाखवतात, चूक दुरुस्त कशी करायची तेवढं सोडून. 'माझ्यानं होतं' हा विश्वास व्याख्यानातून येत नाही, स्वतःच्या हातून काम पार पडलं की येतो. मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बांडुरा यांनी १९७७ मध्ये हे मांडलं. माझा कल पहिल्यापासून तिकडेच.

म्हणून क्रम उलटा करायचा. काउंटर उघडण्याआधी अर्धा तास, फारशी मागणी नसलेली पाच-सहा पुस्तकं आणि सरावापुरती दोन वाचक खाती. मुद्दाम चुकीच्या खात्यावर इश्यू करा, रिटर्न घ्या, मग योग्य खात्यावर चढवा. माउस शिकणाऱ्याच्याच हातात राहू द्या. "द्या इकडे, मी करतो" म्हणणारा तरुण सहकारी सगळ्यात जास्त नुकसान करतो. ग्रंथपालांनी अशा लॉगिनला फक्त देवघेवीची परवानगी द्यावी, म्हणजे ग्रंथनोंद पुसली जाण्याचा प्रश्नच उरत नाही.

'बारकोड सापडला नाही' ही या गृहस्थांची रोजची नामुष्की. खरं तर स्कॅनर कीबोर्डसारखाच टंकतो. मराठी शीर्षक शोधल्यावर कीबोर्ड मराठीवरच राहिला, की बारकोडातली इंग्रजी अक्षरं देवनागरीत उमटतात. स्कॅन करण्याआधी भाषा बदला, कर्सर चौकटीत आहे ना ते बघा. हातानं क्रमांक टाकताना सुरुवातीची शून्यं गाळली तरी पुस्तक सापडत नाही. हे कळल्यावर ते पहिल्यांदा मोकळं हसले. "म्हणजे चूक माझ्या हाताची नव्हती!"

रजिस्टर आणि संगणक वर्षानुवर्षं जोडीनं चालवू नका. काम दुप्पट होतं आणि भरवसा रजिस्टरवरच राहतो. रोज संध्याकाळी दोन्हीकडचे आकडे जुळवा. सलग पंधरा दिवस जुळले, की रजिस्टर बंद. मात्र ज्यांना नोकरीच जाईल अशी धास्ती आहे, त्यांच्यावर सरावाची मात्रा चालत नाही. त्यांना नव्या व्यवस्थेत नेमकं कोणतं काम असेल, ते ग्रंथपालांनी लेखी द्यावं.