आखातातील सल्लागार शिक्षकाची नोकरी : पगार कशाच्या आधारे तोलावा?

प्रश्न : मी पुण्यातील एका विनाअनुदानित सीबीएसई शाळेत गेली १४ वर्षे इंग्रजी शिकवते. अबुधाबी अमिरातीतील शाळांना शैक्षणिक सल्ला पुरवणाऱ्या एका खासगी कंपनीने मला ‘सल्लागार शिक्षिका’ म्हणून दोन वर्षांचा करार देऊ केला आहे. स्वतःचा वर्ग नसेल. तिथल्या शिक्षिकांच्या तासांना बसणे, पाठनियोजनात मदत करणे आणि त्यांचे प्रशिक्षण घेणे हे काम आहे. दरमहा ९,५०० दिरहम मिळतील. त्यात मूळ वेतन ४,५००, घरभाडे ३,५००, प्रवास १,००० आणि इतर भत्ता ५०० आहे. रुपयांत ही रक्कम सव्वादोन लाखांच्या घरात जाते, म्हणजे माझ्या आजच्या पगाराच्या तिपटीहून अधिक. जानेवारीत रुजू व्हायचे आहे. पती पुण्यातच राहतील. सातवीतल्या मुलीला सोबत नेण्याचा विचार आहे. हा पगार योग्य आहे का, आणि सही करण्यापूर्वी काय तपासावे?
– एक शिक्षिका, कोथरूड

उत्तर : एकूण आकड्याचे रुपयांत रूपांतर करून आपण तुलना केली आहे. ती स्वाभाविक असली, तरी या नोकरीचे खरे मोल त्या आकड्यात दिसत नाही. ते दोन ठिकाणी पाहावे लागते : मूळ वेतन किती आहे, आणि आपल्या कंपनीचे तिथल्या शिक्षण खात्याशी असलेले कंत्राट किती काळाचे आहे.

मूळ वेतनापासून सुरुवात करू. संयुक्त अरब अमिरातीच्या २०२१ च्या कामगार कायद्यानुसार, जो फेब्रुवारी २०२२ पासून लागू झाला, किमान एक वर्ष सेवा झालेल्या परदेशी कर्मचाऱ्याला नोकरी संपताना पहिल्या पाच वर्षांसाठी दर वर्षामागे २१ दिवसांचे वेतन ग्रॅच्युइटी म्हणून मिळते. मात्र हे वेतन म्हणजे केवळ मूळ वेतन, भत्ते त्यात धरले जात नाहीत. ४,५०० दिरहम मूळ वेतनावर एका वर्षाचे ३,१५० आणि दोन वर्षांचे ६,३०० दिरहम होतात. एकूण पगार तोच ठेवून मूळ वेतन ७,५०० केले, तर हीच रक्कम १०,५०० होईल. जानेवारी २०२३ पासून तिथे सक्तीचा बेरोजगारी विमाही आहे. सलग १२ महिने हप्ते भरलेल्या कर्मचाऱ्याची नोकरी राजीनामा किंवा शिस्तभंग यांखेरीज अन्य कारणाने गेली, तर त्यातून जास्तीत जास्त तीन महिने मूळ वेतनाच्या ६० टक्के रक्कम मिळते. आपल्या बाबतीत ती महिन्याला २,७०० दिरहम होईल आणि तेवढ्यात त्या देशात घर चालणे कठीण आहे. म्हणून एकूण पगार वाढवून मागण्याआधी त्याची वाटणी बदलून मागा, असे मी आग्रहाने सांगेन. कंपनीला त्याचा दरमहा भार पडत नाही, त्यामुळे ही मागणी मान्य होण्याचा संभव अधिक असतो.

घरभाड्याचा भत्ता दरमहा मिळतो, पण भाडे दरमहा द्यायचे नसते, ही गोष्ट पुण्याहून जाणाऱ्यांच्या सहसा ध्यानात येत नाही. तिथे वर्षाचे भाडे एक ते चार आगाऊ तारखांच्या धनादेशांनी देण्याची पद्धत आहे, शिवाय अनामत आणि दलालीही असते. रुजू होताच काही महिन्यांचे भाडे एकदम उभे करावे लागते. कंपनी सहा महिन्यांचा भत्ता आगाऊ देईल का, किंवा सुरुवातीचे काही आठवडे राहण्याची सोय करील का, हे लेखी विचारून घ्यावे. नेमणुकीचे ठिकाणही करारात नावानिशी असावे. ‘कंपनी ठरवील त्या शाळेत’ एवढेच लिहिले असेल, तर अबुधाबी शहरात घर घेतल्यावर सुमारे १६० किलोमीटरवरच्या अल ऐनला किंवा पश्चिमेकडच्या मदिनत झायेदला पाठवले जाऊ शकते, आणि मग १,००० दिरहमांचा प्रवासभत्ता अपुरा ठरतो. जुलै-ऑगस्टच्या सुट्टीत पगार चालू राहतो का, हेही स्पष्ट करून घ्या, कारण वर्षाला बारा पगार आणि दहा पगार यांत मोठा फरक आहे.

आता कंत्राटाकडे वळतो, कारण मला सर्वांत अधिक काळजी याच बाबतीत वाटते. सल्लागार शिक्षक हा शाळेचा कर्मचारी नसतो. शिक्षण खाते कंपनीशी कंत्राट करते आणि कंपनी शिक्षकाशी; त्यामुळे खात्याचे धोरण बदलले की उत्तम काम करणाऱ्याचीही नोकरी संपते. हे पूर्वी घडले आहे. अबुधाबी शिक्षण परिषदेने २००६ साली सरकारी शाळांत परदेशी कंपन्यांच्या भागीदारीचा प्रयोग सुरू केला, त्यातून अनेक सल्लागार तिथे गेले. २०१० साली ‘न्यू स्कूल मॉडेल’ ही नवी शालेय पद्धत आली आणि परिषद इंग्रजी माध्यमाचे शिक्षक थेट स्वतःच नेमू लागली. २०१७ साली देशभरासाठी एकच ‘अमिराती स्कूल मॉडेल’ आणले गेले आणि पद्धत पुन्हा बदलली. कतारमध्ये २००४ साली ‘स्वतंत्र शाळां’ची, म्हणजे सरकारी पैशावर पण स्वायत्तपणे चालणाऱ्या शाळांची, योजना सुरू झाली तेव्हा प्रत्येक शाळेला साहाय्य करण्यासाठी परदेशी संस्था नेमल्या होत्या; २०१२ साली गणित आणि विज्ञान या विषयांचे माध्यम इंग्रजीवरून पुन्हा अरबी करण्यात आले, आणि इंग्रजीच्या बळावर तिथे गेलेल्यांच्या कामाचा पायाच बदलला. म्हणून कंपनीला सरळ विचारा : खात्याशी तुमचे कंत्राट कोणत्या तारखेपर्यंत आहे, आणि ते आधी संपले तर मला किती महिन्यांची नोटीस वा भरपाई मिळेल? कायद्याने नोटीस ३० ते ९० दिवसांची असते; सल्लागारपदासाठी ९० दिवसांचा आग्रह धरणे रास्त आहे. या प्रश्नाला उत्तर टाळणाऱ्या कंपनीकडे, पगार कितीही असला तरी, मी स्वतः जाणार नाही.

कामाच्या स्वरूपाबद्दल आपण विचारले नाही, तरी लिहितो. ज्यांच्या वर्गात आपण बसणार, त्या शिक्षिका अमिराती असतील तशाच इजिप्त, जॉर्डन, सीरिया या देशांतून आलेल्या आणि आपल्याहून जास्त अनुभवीही असतील. बऱ्याच जणींशी संवाद अरबीतूनच होऊ शकेल, तेव्हा दुभाषा मिळेल का आणि एका सल्लागाराकडे किती शाळा व किती शिक्षिका असतील, हे विचारावे. आपण लिहिलेला वर्गनिरीक्षणाचा अहवाल त्या शिक्षिकेच्या मदतीसाठी वापरला जातो की तिची नोकरी टिकवायची की नाही हे ठरवण्यासाठी, हा प्रश्न तर अवश्य विचारा. दुसऱ्या हेतूने वापरला जात असेल, तर आपल्यावर कोणी मोकळेपणाने विश्वास टाकणार नाही, आणि ज्या कामासाठी आपण चौदा वर्षांची शाळा सोडणार, ते काम हातून होणारच नाही. अनुभवी शिक्षकाच्या दृष्टीने ही पगाराइतकीच महत्त्वाची अट आहे.

पासपोर्ट पाहून पगार ठरवण्याची रीत आखातात अजून आहे, हे दुःखद असले तरी खरे आहे. ब्रिटन किंवा अमेरिकेच्या नागरिकाला त्याच पदासाठी अधिक पगार आणि कुटुंबाची विमान तिकिटे मिळत असतील. त्यामुळे त्याच कंपनीतील इतरांच्या अटी शक्य तितक्या जाणून घ्या आणि वार्षिक तिकीट, मुलीचा आरोग्यविमा व शाळेची फी यांबाबत संकोच न करता बोला. कर्मचाऱ्याचा आरोग्यविमा मालकाने देणे बंधनकारक आहे. कुटुंबाचा समावेश आहे का, हे मात्र कागदावर पाहावे. मुलीला आपल्या व्हिसावर न्यायचे तर पित्याचे साक्षांकित संमतीपत्र लागेल. तिथल्या भारतीय अभ्यासक्रमाच्या शाळांचे वर्ष एप्रिलमध्ये सुरू होते, तेव्हा सातवी पुण्यात पूर्ण करून तिने एप्रिलमध्ये यावे, हे तिच्यासाठी आणि घर लावण्याच्या आपल्या घाईसाठीही बरे.

जानेवारीत रुजू होण्याचा एक परिणाम प्राप्तिकरावर होतो. नोकरीसाठी देश सोडणारा भारतीय नागरिक त्या आर्थिक वर्षात १८२ दिवस वा अधिक भारतात राहिलेला असेल, तर तो त्या वर्षापुरता निवासी ठरतो. आपण डिसेंबरअखेरपर्यंत इथे असाल, म्हणजे जानेवारी ते मार्च या तीन महिन्यांचा तिथला पगारही भारतातील करपात्र उत्पन्नात धरावा लागेल. पुढच्या वर्षापासून अनिवासी दर्जा मिळेल. त्याआधी बँकेला कळवून बचत खात्याचा प्रकार बदलून घ्यावा.

पुण्याची शाळा सोडताना इथली ग्रॅच्युइटी विसरू नका. २००९ च्या कायदादुरुस्तीने खासगी शाळांतील शिक्षकांनाही ती लागू झाली आणि २०२२ साली सर्वोच्च न्यायालयाने ही दुरुस्ती वैध ठरवली. शेवटचे मूळ वेतन आणि महागाई भत्ता मिळून समजा ४०,००० रुपये असतील, तर १४ वर्षांचे सुमारे ३ लाख २३ हजार रुपये होतात. अबुधाबीच्या दोन वर्षांत मिळणाऱ्या ६,३०० दिरहमांच्या दुपटीहून ही रक्कम जास्त आहे.

एवढे सगळे पाहून माझे मत विचाराल, तर मूळ वेतन ६,५०० च्या पुढे नेले, शाळेचे ठिकाण लिहून दिले आणि ९० दिवसांची नोटीस मान्य केली, तर हा करार स्वीकारण्याजोगा आहे. आज आहे त्या स्वरूपात तो स्वीकारू नये.

प्रश्न : मी अनुदानित माध्यमिक शाळेत २००३ पासून विज्ञान शिकवतो. रियाधमधील एका खासगी शाळासमूहाने ८,००० रियालांवर शैक्षणिक सल्लागाराचे पद देऊ केले आहे. पत्नी आणि दोन मुले सोबत येतील. राजीनामा देऊन जावे का?
– एक शिक्षक, हडपसर

उत्तर : राजीनामा देऊ नये, हे सर्वांत आधी सांगतो. आपली नेमणूक १ नोव्हेंबर २००५ पूर्वीची असल्याने आपल्याला जुनी निवृत्तिवेतन योजना लागू आहे, आणि महाराष्ट्र नागरी सेवा निवृत्तिवेतन नियम, १९८२ नुसार राजीनाम्याने आधीची सेवा निवृत्तिवेतनासाठी बाद होते. वीस वर्षांची अर्हताकारी (निवृत्तिवेतनासाठी मोजली जाणारी) सेवा पूर्ण झाली असेल, तर तीन महिन्यांची नोटीस देऊन स्वेच्छानिवृत्ती घेता येते आणि निवृत्तिवेतन टिकते. सेवापुस्तक तपासून, विनावेतन रजेमुळे सेवेत काही तूट आहे का हे पाहून, मगच रियाधला उत्तर द्यावे.

सौदी अरेबियात सोबतच्या प्रत्येक आश्रितामागे दरमहा ४०० रियाल सरकारी शुल्क भरावे लागते. आपल्याकडे तीन आश्रित असतील, म्हणजे वर्षाला १४,४०० रियाल. हा जवळजवळ दोन महिन्यांचा पगार झाला, आणि तो निवास परवान्याच्या नूतनीकरणावेळी भरावा लागतो. हे शुल्क शाळासमूह भरणार की आपण, यावर सारे गणित फिरते. मूल्यवर्धित करही तिथे जुलै २०२० पासून १५ टक्के आहे.

सेवाअखेरीची रक्कम सौदीत पहिल्या पाच वर्षांसाठी दरवर्षी अर्ध्या महिन्याच्या वेतनाइतकी असते आणि अमिरातीत असते तशी ती मूळ वेतनापुरती मर्यादित नसते, ही जमेची बाजू. परंतु दोन वर्षांच्या आत स्वतःहून राजीनामा दिल्यास काहीच मिळत नाही आणि दोन ते पाच वर्षांच्या दरम्यान दिल्यास एक तृतीयांशच मिळते. करार मुदतीपर्यंत पूर्ण केल्यास पूर्ण रक्कम मिळते, म्हणून मुदत एक किंवा दोन वर्षांचीच ठेवून नंतर नूतनीकरण करणे आपल्या हिताचे ठरेल. पदवी प्रमाणपत्रांसाठी सौदीला डिसेंबर २०२२ पासून परराष्ट्र मंत्रालयाचा अपोस्टिल (कागदपत्र खरे असल्याचा आंतरराष्ट्रीय मान्यतेचा शिक्का) चालतो. अमिरातीसाठी मात्र दूतावासाचे साक्षांकन घ्यावे लागते.

प्रश्न : एक मध्यस्थ दुबईत शिक्षक-सल्लागाराची नोकरी देतो म्हणून दीड लाख रुपये मागत आहे. आधी भेटीच्या व्हिसावर जा, तिथे गेल्यावर कागद होतील, असे तो म्हणतो. विश्वास ठेवावा का?
– एक वाचक, पिंपरी

उत्तर : ठेवू नये. भारतात नोंदणीकृत भरती एजंटाला उमेदवाराकडून जास्तीत जास्त ३०,००० रुपये आणि त्यावरील १८ टक्के जीएसटी, म्हणजे ३५,४०० रुपये घेता येतात, आणि अमिरातीच्या कायद्यानुसार भरतीचा खर्च कर्मचाऱ्याकडून वसूल करता येत नाही. भेटीच्या व्हिसावर काम करणे तिथे बेकायदा आहे. पकडले गेल्यास दंड आणि हद्दपारी आपल्या वाट्याला येते, मध्यस्थाच्या नाही. त्याचे नाव परराष्ट्र मंत्रालयाच्या ‘ई-मायग्रेट’ संकेतस्थळावरील यादीत शोधा. यादीत असले, तरी तिथल्या मनुष्यबळ मंत्रालयाच्या नमुन्यातील नियुक्तीपत्र हाती आल्याखेरीज आणि नोकरीचा प्रवेश परवाना निघाल्याखेरीज इथल्या नोकरीचा राजीनामा देऊ नका, व पैसे द्यावे लागलेच तर पावती घेऊन बँकेमार्फतच द्या.