आधी पलंग

मावशी,

मी 26 वर्षांची. डोंबिवलीला वन बीएचकेमध्ये नवरा आणि सासूबाईंबरोबर राहते. सातवा महिना संपत आलाय, ऑगस्टची तारीख दिली आहे. माहेरी वहिनीचंही बाळंतपण त्याच सुमारास आहे, म्हणून माझं इथेच होणार. घरी शिकवण्या घ्यायचे, त्या एप्रिलपासून बंद केल्या.

बेडरूमचा एक कोपरा बाळासाठी छान सजवायचा आहे. चुलत नणंदेने बंगळूरला बाळाची वेगळी खोली केली आहे, छतावर ढग, भिंतीवर हत्ती-जिराफ. आमच्याकडे सगळे मिळून 24,000 रुपये आहेत. यादी अशी: क्रिब 9,500, वॉलपेपर 4,800, बाकीच्या भिंतींना रंग 3,500, क्रिबच्या आतून लावायच्या गुबगुबीत कडा आणि उश्यांचा सेट 2,400, गालिचा 2,200, ढगाच्या आकाराचा दिवा 1,600. सासूबाई म्हणतात, बाळ यायच्या आधी घरात काही आणायचं नाही. माळ्यावर पाळणा आहे, साडीची झोळी आहे, आमची मुलं त्यातच वाढली. नवरा समजूतदार आहे, तो म्हणतो "तुला हवं ते कर". जागा व्हावी म्हणून डबलबेड मागच्या महिन्यात साडेसहा हजारांना विकला, ते पैसे यातच धरलेत. (सध्या खाली गादी घालून झोपतो. रात्री उठताना कपाटाचं दार धरते, एवढंच.)

सासूबाईंना कसं पटवू? आणि एवढ्या पैशांत खोली कशी सजवू?

— ऑगस्टची वाट पाहणारी

अगं, त्या कंसातली दोन वाक्यं वाचली आणि वॉलपेपरचा विचार माझ्या डोक्यातून गेलाच. सातव्या महिन्यात तू जमिनीवर झोपतेस. रात्री लघवीला दोन-तीनदा उठावं लागत असेल, पोटऱ्यांत गोळे येत असतील, आणि आधाराला काय, तर कपाटाचं दार. बिजागरीवर हलणारं दार कुणाचा भार पेलत नाही. तुझ्या हिसक्याने ते उघडलं तर तू तोल जाऊन पडशील, आणि कपाट भिंतीला ठोकलेलं नसेल तर तेही पुढे येऊ शकतं. ह्या सगळ्यापुढे तू "एवढंच" असं लिहिलंस, त्याचं मला फार वाईट वाटलं.

म्हणून खोलीचं उत्तर एका वाक्यात देते: त्या खोलीत पहिली वस्तू येईल ती तुझा पलंग. बाकी सगळं त्यानंतर.

आता ऑगस्टनंतरचं चित्र डोळ्यांसमोर आण. नवजात बाळ चोवीस तासांत 8 ते 12 वेळा दूध पितं. म्हणजे तितक्या वेळा उठायचं, बाळाला घ्यायचं, पाजायचं, ढेकर काढायचा आणि परत आडवं व्हायचं. त्यातल्या निदान तीन-चार खेपा रात्रीच्या, अर्धवट झोपेतल्या. आणि टाके पडले असतील तर? 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाप्रमाणे देशातली 21.5 टक्के बाळंतपणं सिझेरियनने झाली होती, तेव्हा ही शक्यता धरूनच चालायला हवं. सिझेरियननंतर उठायची रीत असते: आधी कुशीवर वळायचं, पाय पलंगाखाली सोडायचे, मग हाताच्या रेट्याने बसतं व्हायचं, म्हणजे पोटावर ताण येत नाही. ही रीत जमिनीवरच्या गादीवर चालतच नाही, कारण पाय सोडायला खाली जागा कुठे असते? साधं बाळंतपण झालं तरी टाके असू शकतात, कंबर दुखत असते. त्या अवस्थेत बाळाला हातात घेऊन जमिनीवरून उठणं तुला आणि बाळाला दोघांनाही धोक्याचं आहे.

आपल्याकडे हे कळायला कधी डॉक्टरची गरज पडली नाही. सगळं घर सतरंजीवर झोपायचं, पण बाळंतिणीसाठी बाज यायची. स्वतःची नसली तर शेजारून मागून आणायची. तिच्याखालच्या शेगडीचा आणि धुरीचा धूर आज बंद खोलीत अजिबात नको, पण बाज ठेवण्यातलं शहाणपण आजही तितकंच खरं आहे. तुझ्या सासूबाईंना हे पक्कं ठाऊक असणार. त्यांना पटवायचं कसं, असं तू विचारतेस. पटवूच नकोस. त्यांच्यापाशी जाऊन म्हण, "आई, मला बाळंतपणात झोपायला पलंग हवाय." ही वस्तू बाळाची नाहीच, तेव्हा आधी आणायची की नंतर, हा प्रश्नच उरत नाही. माझा अंदाज आहे, दुकानात त्याच तुझ्या पुढे असतील.

त्यांचं "आधी काही आणायचं नाही" तुला जाचक वाटतंय, पण पैशांच्या बाबतीत ते तुझ्या फायद्याचंच आहे. बारशाला झबली, टोपडी, दुपटी, खेळणी इतकी येतील की ठेवायला जागा पुरणार नाही. ज्या बाया विचारतील "काय आणू?", त्यांना सरळ मच्छरदाणी सांग. पहिल्या काही आठवड्यांचं तर जुन्यातलंच वापरायचं असतं. मऊ झालेल्या सुती साड्यांचे लंगोट, दुपटी, कुणाच्या तरी धडधाकट बाळाचं वापरलेलं झबलं. ते काम त्यांच्यावर सोपव.

पाळणा आणि झोळीबद्दल मात्र मी त्यांच्या बाजूने नाही. घरगुती रंगात शिसं (ते बाळाला विषारी असतं) 90 पीपीएमपेक्षा, म्हणजे दहा लाख भागांत 90 भागांपेक्षा जास्त नसावं, हा नियम आपल्याकडे 2017 च्या नोव्हेंबरपासून लागू झाला. माळ्यावरचा पाळणा त्याच्या कितीतरी आधी रंगवलेला असणार. त्याचे पोपडे निघत असतील तर तो वापरू नका, आणि तू तो खरवडायला तर मुळीच घेऊ नकोस. भिंतीचा जुना रंगही घासायचा नाही. त्या धुळीपासून ह्या दिवसांत लांब राहायचं. झोळीत बाळ डोळ्यांसमोर असेल तोवर झुलू दे. झोप लागली की सपाट, घट्ट गादीवर, पाठीवर.

आता जावईबापूंशी बोलते. हे पत्र त्यांना वाचायला दे.

जावईबापू, "तुला हवं ते कर" हे ऐकायला फार गोड लागतं आणि म्हणणाऱ्याला त्यात काही करावं लागत नाही. डबलबेड खाली नेताना एक टोक तुम्हीच धरलं असेल. त्या वेळी पोटुशी बायको आज रात्रीपासून कुठे झोपणार, हे विचारणं तुमचं काम होतं. ती रोज रात्री कपाट धरून उठते. तुम्हाला जाग येत नसेल, तर आजपासून तिने तुम्हाला हलवून उठवायचं, असं मी तिला सांगते आहे. तिच्या प्रत्येक गोष्टीला हो म्हणून भागणार नाही. ती स्वतःसाठी काही मागत नाहीये, तेव्हा तुम्ही मागा.

आता हिशेब. तुझ्याच यादीतून वॉलपेपर, रंग, कडा-उश्या, गालिचा आणि दिवा काढ. 14,500 रुपये मोकळे झाले. क्रिबला मी हात लावलेला नाही. 14,500 मध्ये साधा पलंग मिळतो. लोखंडी मिळतो, प्लायचा मिळतो, चांगल्या घरातला वापरलेलाही मिळतो. डबलबेड परत नको, त्याने खोली भरून जाईल. चार फूट रुंद, सव्वासहा फूट लांब एवढा तुला पुरे. साधारण दहा बाय दहाच्या खोलीत तो आणि शेजारी क्रिब आरामात बसतात, चालायला वाट राहते. नवरा खालच्या गादीवर झोपेल. त्याच्या पाठीला अजून काही झालेलं नाही.

क्रिब तुझ्या पलंगाला लागूनच ठेव. निदान पहिले सहा महिने बाळाने आईच्याच खोलीत, पण स्वतःच्या वेगळ्या गादीवर झोपावं, असं बालरोगतज्ज्ञ सांगतात. वेगळी खोली नाही म्हणून तुला कमीपणा वाटतोय, आणि बाळाला नेमकी हीच सोय हवी आहे. क्रिब घेताना गज मोज, दोन गजांत 6 सेंटिमीटरपेक्षा जास्त फट नको. आत एक घट्ट गादी आणि तिच्यावर ताणून बसवलेली चादर, बस्स. गुबगुबीत कडांमध्ये बाळाचं तोंड-नाक दबून श्वास कोंडू शकतो, अमेरिकेत 2022 मध्ये त्यांच्या विक्रीवर कायद्याने बंदी आली. उशी नको, कापडी अस्वल नको, डोकं गोल व्हावं म्हणून राईची उशीही नको.

वॉलपेपरसाठी तुझा जीव तुटतोय, ते मला कळतं. पण तान्ह्या बाळाला 20 ते 30 सेंटिमीटरपलीकडचं स्पष्ट दिसतच नाही. अंगावर पिताना तुझा चेहरा जितका लांब असतो, साधारण तेवढंच. जिराफ त्याला ओळखता येईल तोवर वर्ष उलटेल. शिवाय तारीख ऑगस्टची, म्हणजे ऐन पावसाळा. भिंतीला ओल असेल तर वॉलपेपरमागे बुरशी धरेल आणि ती तान्ह्या श्वासात जाईल. त्या दिवसांत खोलीत खरी गरज लागते ती पंख्याखाली बांधलेल्या दोरीची, कारण बाहेर लंगोट वाळत नाहीत. ती आत्ताच बांधून घे. शोभेची हौस असेल तर पांढऱ्या कागदावर काळ्या शाईने मोठी वर्तुळं आणि जाड रेघा काढ. तान्ह्या बाळांना असे ठळक चट्टेपट्टे बघायला आवडतात. ते हातात धरून जवळून दाखव. शिकवण्या घेणाऱ्या बाईच्या घरी कागद आणि मार्कर असणारच.

आणखी एक. शिकवण्या बंद आहेत आणि घराचं वर्षाचं उत्पन्न 8 लाखांच्या आत असेल, तर जवळच्या अंगणवाडीत किंवा आशाताईंकडे प्रधानमंत्री मातृवंदना योजनेची चौकशी कर. पहिल्या बाळासाठी 5,000 रुपये मिळतात. बाळंतपणाच्या आधी आणि नंतर आईला विश्रांती मिळावी, हा त्या पैशांचा एक उद्देश आहे. आले तर तुझ्या खाण्यापिण्याला लाव, दिव्याला नको.

पलंग येईपर्यंत एकावर एक दोन गाद्या घाल आणि शेजारी जड खुर्ची भिंतीला टेकवून ठेव. कपाटाला हात लावायचा नाही. कंबर दुखत असेल तर पुढच्या तपासणीत डॉक्टरांना सांग, "चालायचंच" म्हणून गिळू नकोस. मधल्या काळात कधी पडलीस, लागलं नाही असं वाटलं तरी लगेच दवाखान्यात जा.

ह्या रविवारी तिघं मिळून पलंग बघायला जा. लाजू नकोस, दुकानात प्रत्येक पलंगावर बस, आडवी हो, कुशीवर वळ आणि कुणाचाही हात न धरता उठून बघ. बसल्यावर दोन्ही तळवे जमिनीला पूर्ण टेकले पाहिजेत आणि गुडघे कमरेच्या वर यायला नकोत. ज्या पलंगावर हे सहज जमेल तो घे, रंग आवडो न आवडो. आणि घरपोच देऊन जोडून कधी देणार, हे पैसे देण्याआधी विचार.